‘नाही’ म्हणायला एकच माणूस पुरतो

गेल्या अंकात आम्ही एक चौकट टाकली होती, खिडकीवर, शाळेत, दवाखान्यात, चौकीत सरकारच्या वतीने जो माणूस थेट आपल्याशी बोलतो त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हणून. वाटलं होतं तक्रारींचा पाऊस पडेल. तो पडलाच, पण खिडकीच्या आतल्या बाजूनेही बरीच पत्रं आली आणि खरं सांगायचं तर तीच वाचायला जास्त मजा आली. सगळी छापणं शक्य नाही, एकसारखी होती ती एकत्र केलीयत. नावं कुणाचीच देत नाही, अर्ध्या लोकांनी तशी विनंती केलीय आणि उरलेल्या अर्ध्यांच्या वतीने मीच घाबरले.

प्रश्न : ताई, आईच्या पेन्शनच्या कामाला गेलो होतो. तेच कागद, तीच फाइल. आधी एका बाईंनी ‘हे चालणार नाही’ म्हणून परत पाठवलं. दोन दिवसांनी त्याच खिडकीवर दुसरे गृहस्थ बसले होते, त्यांनी एक नजर टाकली आणि शिक्का मारला. यात नियमाने कोण वागलं? आणि नियम एकच असेल तर माणूस बदलला की उत्तर कसं बदलतं?

उत्तर : बहुतेक दोघंही नियमानेच वागले, हेच तर गंमतीचं आहे. कुठलाही नियम उघडून बघा, त्यात ‘योग्य तो पुरावा’, ‘खात्री झाल्यास’, ‘आवश्यक वाटल्यास’ असे शब्द पेरलेले असतात. ते मुद्दाम असतात असं नाही, नियम लिहिणाऱ्याला प्रत्येकाची आई डोळ्यासमोर येत नाही म्हणून तो थोडी जागा मोकळी सोडतो आणि ती जागा मग भरतो खिडकीवर बसलेला माणूस. नाव पुराव्यात एक आणि पासबुकात एका अक्षराने वेगळं असेल तर ते एकच माणूस आहे की दोन हे मंत्रालयात ठरत नाही, तुमच्यासमोर ठरतं, दीड मिनिटात.

मायकल लिप्स्की नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये हे पुस्तकच लिहून मांडलं. शिक्षक, पोलीस शिपाई, मदत खात्यातले कर्मचारी, खालच्या कोर्टातले न्यायाधीश अशा लोकांकडे बघून तो म्हणाला की हे लोक वरून आलेलं धोरण नुसतं राबवत नाहीत, रोजच्या गर्दीत, अपुऱ्या वेळात ते जे छोटे छोटे निर्णय घेतात आणि काम उरकायच्या ज्या सवयी लावून घेतात त्यांची बेरीज म्हणजेच प्रत्यक्षातलं धोरण. म्हणजे कायदा काय आहे हे विधिमंडळात कळतं आणि तुमच्यापुरता काय आहे हे खिडकीवर कळतं. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून कुणी हे नीट खोडून काढलेलं नाही.

पण तुमच्या प्रश्नात याच्यापेक्षा एक जास्त महत्त्वाची गोष्ट दडलीय. त्या बाईंनी तुम्हाला परत पाठवलं, त्याचं पुढे त्यांना काय झालं? काहीही नाही. कुठे नोंद नाही, सही नाही, आवक नंबर नाही, तुम्ही त्या दिवशी तिथे गेला होता याचाच कुठे पुरावा नाही. आणि ज्या गृहस्थांनी शिक्का मारला त्यांची मात्र सही फाइलमध्ये कायमची बसली, उद्या ऑडिट आलं आणि कुणी म्हणालं की हा कागद पुरेसा नव्हता, तर पॅरा, म्हणजे ऑडिटचा लेखी आक्षेप, त्यांच्या नावाने निघणार, वसुली लागली तर त्यांच्या पगारातून. चुकीचा होकार फाइलमध्ये राहतो, चुकीचा नकार मुकाट घरी निघून जातो. वर परत असं की होकाराला बऱ्याचदा तीन टेबलं लागतात, याचा अभिप्राय, त्याची शिफारस, साहेबांची सही, पण नकार देणं खालच्यातल्या खालच्या माणसाला एकट्याने जमतं, तोंडीच, कागदसुद्धा हातात न घेता.

आता सांगा, अशा ठिकाणी तुम्ही बसला असता तर रोज दुपारी चारनंतर कुठल्या बाजूला झुकला असता? मला तर ते शिक्का मारणारे गृहस्थच नवलाचे वाटतात.

प्रश्न : मी अनेक वर्षं काउंटरवर आहे. लोक आम्हाला कामचुकार म्हणतात, तुमच्या मासिकातही तसंच येतं. एका दिवसात किती माणसं येतात ते कुणी बघत नाही. सर्व्हर बंद पडला तर शिव्या आम्हालाच, परिपत्रक बदललं तर शिव्या आम्हालाच. मी सुरुवातीला प्रत्येकाला नीट समजावून सांगायचे, मग माझीच लाइन सगळ्यात लांब व्हायची आणि साहेब म्हणायचे तुमचं पेंडिंग सगळ्यात जास्त का. आता मी मोजकंच बोलते. यात माझं चुकलं काय?

उत्तर : तुमची लाइन लांब झाली ते तुम्ही हळू होता म्हणून नाही हो, चांगल्या होता म्हणून. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीय, लिप्स्कीनेही ते लिहून ठेवलंय की सार्वजनिक सेवेत मागणीला अंत नसतो, सेवा जरा सुधारली की आणखी लोक येतात. दुकानात गर्दी वाढली की मालक खूश होतो आणि आणखी एक माणूस ठेवतो, सरकारी खिडकीवर गर्दी वाढली की फक्त गर्दी वाढते. जी ताई नीट सांगते तिच्याकडेच जायचं हे लोकांना बरोबर कळतं आणि मग चांगुलपणाची शिक्षा तिलाच होते.

बर्नार्डो झाका नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेत आठ महिने स्वतः स्वागतकक्षात बसून काम केलं, म्हणजे नुसत्या मुलाखती नाहीत, खुर्चीत बसला. २०१७ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की या कामात माणूस हळूहळू तीनपैकी एका बाजूला घसरतो. एक तर तो थंड होतो, पुढचा, पुढचा, पुढचा. नाहीतर तो पहारेकरी होतो, प्रत्येकजण फसवायलाच आलाय असं समजून कागद तपासतो. किंवा मग तो कुणाकुणात इतका गुंततो की एकाला तासभर देतो आणि मागची पन्नास माणसं ताटकळतात. यातली एकही बाजू संपूर्ण चूक नाही हे लक्षात घ्या, तिन्हीची गरज असते, गडबड होते ती माणूस एकीतच कायमचा राहायला गेला की. तुम्ही सुरुवातीला तिसऱ्या बाजूला होता आणि आता पहिल्या. मधे तुम्हाला कुणी विचारलंच नसणार की बाई कसं चाललंय, त्याच टेबलावर ठेवून दिलं असणार वर्षानुवर्षं.

तेव्हा मोजकं बोलता याचा दोष मी देणार नाही. पण एक विनंती करते आणि ती गोड बोलण्याची नाही. मोजकंच बोलायचं तर जे लागतं ते सगळं एकदाच बोला. पत्रांचा जो गठ्ठा माझ्यासमोर आहे त्यात ‘नाही म्हणाले’ याच्यापेक्षा ‘दर वेळी नवीन कागद सांगितला’ ही तक्रार कितीतरी जास्त आहे. पहिल्या फेरीत फोटो, दुसऱ्या फेरीत स्वाक्षरी, तिसऱ्या फेरीत कळतं की मूळ फॉर्मच जुना आहे. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये या सगळ्या त्रासाची तीन भागांत वाटणी केली, आधी काय लागतं हे शोधायचा त्रास, मग ते जमवायचा, आणि तिसरा मनाला होणारा, आपण भीक मागायला आलोय असं वाटण्याचा. त्यातला पहिला तुमच्या हातात जवळजवळ पूर्ण आहे. सगळ्या त्रुटी एका कागदावर, एकदाच. तुमचीही लाइन कमी होईल कारण तोच माणूस चार वेळा येणार नाही, आणि साहेबांना पेंडिंगचा आकडा तसाही फक्त आकडा म्हणूनच दिसतो.

आणि हो, आमच्या मासिकात ‘तसंच येतं’ हे खरंय. म्हणून तर ही चौकट टाकली होती.

प्रश्न : दोन शब्द नीट बोलायला यांचं काय जातं? सौजन्याचं ट्रेनिंग सक्तीचं करायला हवं असं वाटत नाही का?

उत्तर : करा की. पण गोड बोलून परत पाठवलं तरी परतच पाठवलं. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये जॉन मेजर पंतप्रधान असताना नागरिकांची सनद निघाली, त्यात सौजन्य होतंच आणि कर्मचाऱ्यांनी साधारणपणे नावाचा बिल्ला लावावा असंही होतं. मला त्यातला बिल्ला जास्त कामाचा वाटतो. ‘कुणीतरी नाही म्हणालं’ आणि ‘अमुक यांनी नाही म्हटलं’ यात फरक आहे.

प्रश्न : मी आयटीत आहे. माझं साधं मत असं आहे की ही माणसंच मधून काढून टाका. नियम सॉफ्टवेअरमध्ये टाका, माहिती सगळ्या खात्यांकडे आहेच, सिस्टिम तपासेल, पात्र असेल तर पैसे खात्यात, नसेल तर नाही. ना चिरीमिरी, ना ओळख, ना मूड. यावर तुमचं काय म्हणणं?

उत्तर : अर्धं मान्य आहे, आणि जोरात मान्य आहे. ज्या कामात ठरवण्यासारखं काही नाहीच, एखादी नक्कल काढायची, फी भरायची, पत्ता बदलायचा, तिथे माणसाला मधे उभं करून त्याच्या मर्जीची जागा तयार करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. बोव्हेन्स आणि झौरिडिस या दोन डच अभ्यासकांनी २००२ मध्येच लिहिलं होतं की लोकांना थेट भेटणारा अधिकारी आधी स्क्रीनसमोर गेला आणि आता सिस्टिमच निर्णय घेते, विद्यार्थ्यांना मिळणारी आर्थिक मदत आणि वाहतुकीचे दंड ही त्यांचीच उदाहरणं. खरी सत्ता मग प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे जाते असंही त्यांनी बजावलं होतं. म्हणजे तुमच्याकडे. अभिनंदन.

आता उरलेलं अर्धं. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून एक सिस्टिम चालवली गेली, लोकांनी तिला रोबोडेट असं नाव पाडलं. सरकारी भत्ता घेणाऱ्यांनी पंधरवड्याला किती कमावलं हे कळवायचं असतं. सिस्टिमने काय केलं, करखात्याकडून त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न घेतलं, त्याची सरासरी काढून सगळ्या पंधरवड्यांत सारखं वाटलं आणि ते त्याने कळवलेल्या आकड्यांशी लावून बघितलं. वर्षातले सहा महिने राबून उरलेले सहा महिने बेकार असलेला माणूस या हिशोबात बारा महिने अर्ध्या पगारावर दिसायला लागला आणि त्याला पत्र गेलं की तुम्ही जास्त भत्ता उचललाय, परत करा. तसं नाही हे सिद्ध करायचं कुणी, तर त्याने, काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. पूर्वी हेच काम माणूस करायचा तेव्हा तो मालकाला फोन करून विचारायचा की अमुक पंधरवड्यात खरंच किती दिले, तो फोन सिस्टिममधून काढून टाकला होता. आतल्या काही कर्मचाऱ्यांना हे चूक आहे हे लगेच दिसलं, एका अनुभवी बाईंनी तर खात्याच्या सचिवांपर्यंत लिहून कळवलं. कुणी ऐकलं नाही. २०१९ मध्ये सरकारने कोर्टात मान्य केलं की हे कायद्यात बसत नव्हतं, २०२० मध्ये सुमारे ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत द्यायचं जाहीर झालं आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या योजनेला ओबडधोबड आणि क्रूर म्हटलं, न्याय्यही नाही आणि कायदेशीरही नाही.

नेदरलँड्समध्ये तर याच्याही पुढची गोष्ट. पाळणाघराच्या खर्चासाठी आईवडिलांना जो भत्ता मिळायचा त्यात एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला, की फसवणूक समजून अख्ख्या वर्षाचा भत्ता परत मागायचे, हजारो कुटुंबं कर्जात गेली. कुणाची फाइल संशयित धरायची हे ठरवायला तिथेही सिस्टिम वापरली होती आणि ते ठरवताना दुहेरी नागरिकत्वाकडेही बघितलं गेलं होतं. तिथेही खात्याच्याच एका कायदा सल्लागार बाईंनी २०१७ मध्ये टिप्पणी लिहून सांगितलं होतं की आपण चुकतोय, या लोकांना भरपाई द्यायला हवी. ती टिप्पणी बाजूला पडून राहिली. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने यावरून राजीनामा दिला.

दोन्हीकडे बघा, एकदा फाइल पकडली की पुढे नियम सगळ्यांना सारखाच लावला होता. चिरीमिरी नव्हती, मूड नव्हता, ओळख नव्हती. पण मघाशी मी म्हटलं ना की नाही म्हणायला एक माणूस पुरतो, इथे बऱ्याचदा तोही लागला नाही, आणि ‘अहो थांबा, हे काहीतरी चुकतंय’ म्हणायला जो लागतो त्याला मात्र आधीच उठवून दिलं होतं किंवा त्याचं म्हणणं ऐकायचंच नाही असं ठरलं होतं. तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरला माझी एकच अट. होकार सिस्टिमने एकटीने द्यावा, खुशाल, एका सेकंदात. नकार द्यायचा असेल किंवा वसुली काढायची असेल तर ती फाइल एका माणसासमोर यावी आणि त्याने नावानिशी सही करावी. आत्ता बरोब्बर याच्या उलट आहे.

प्रश्न : समोरचा नाही म्हणाला तर आपण नेमकं करायचं काय? भांडलं तर काम अडतं आणि गप्प बसलं तर होत नाही.

उत्तर : भांडू नका. अर्ज लेखी द्या, पोच मागा, आणि नाही असेल तर तेही लेखी द्या म्हणा. शांतपणे, आवाज न चढवता, ‘बरं, मग असं लिहून द्याल का’. यात जादू काहीच नाही. तोंडी नकाराला सही नसते हे वर लिहिलंच आहे, तुम्ही फक्त त्या नकारालाही सही मागताय, म्हणजे होकार आणि नकार दोन्हीचं ओझं सारखं करताय. पुष्कळ वेळा त्याच क्षणी कळतं की नियम वगैरे काही आड येत नव्हता, नुसती धास्ती होती. आणि खरंच नियम आड येत असेल तर तो कुठला ते कळतं, तेही कमी नाही, निदान भलत्या कागदाच्या मागे पळत नाही.

हे मागणं म्हणजे उद्धटपणा नाही, चांगल्या कायद्यांनी ते गृहीतच धरलंय. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत कलम ३३ आहे, सरकारच्या कृतीने ज्याच्या हक्काला धक्का बसला त्याला लेखी कारणं मिळायचा अधिकार. आपल्याकडचा २००५ चा माहितीचा अधिकार कायदा घ्या, अर्ज नाकारला तर कारण, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडे करायचं हे तिन्ही कळवावं लागतं, आणि नाकारणं बरोबर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची. विनाकारण नाकारलं तर दंड त्याच्या स्वतःच्या खिशातून. लोक या कायद्याचं कौतुक माहिती मिळते म्हणून करतात, मला त्यातली ही ‘नाही’ महाग करायची युक्ती जास्त आवडते.

सगळ्यात पुढे गेले फ्रान्सवाले. तिथे जुना नियम असा होता की अर्जाला दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर तो नामंजूर समजायचा. म्हणजे अधिकारी नुसता गप्प बसला तरी तुमचा अर्ज मेला. २०१३ च्या कायद्याने हे उलटं केलं, नोव्हेंबर २०१४ पासून गप्प बसणं म्हणजे मंजूर. अपवाद भरपूर आहेत, इतके की तिथलेच लोक त्यावर हसतात, आणि सगळीकडे हे चालणारही नाही, उद्या कुणी बंदुकीचा परवाना असाच मिळवेल. पण विचार बघा किती साधा आहे. आळस कुणाच्या बाजूने मोजायचा, एवढंच बदललं.

आणि अगदीच कुणी ऐकेना तर वर जायला वाट असतेच, स्वीडनने १८०९ मध्ये अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवणारा लोकपाल नेमायचं घटनेतच लिहिलं, तेव्हापासून कितीतरी देशांनी ते उचललं. फक्त तक्रार करताना माणसाची करू नका, निर्णयाची करा. ‘उद्धट आहेत’ याच्यावर कुणी काही करू शकत नाही, ‘अमुक तारखेला अमुक अर्ज कारण न देता परत केला’ याच्यावर करावं लागतं.

प्रश्न : ताई, मी नुकताच परीक्षा पास होऊन लागलोय, पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, थेट लोकांशी काम आहे. ओळखीच्या एका सीनियरने सल्ला दिला की फार मदत करत बसू नकोस, अंगावर येईल, शंका आली की वर पाठव किंवा परत पाठव. मला लोकांची कामं करायची आहेत पण चौकशीही नको लागायला. काय करू?

उत्तर : सीनियर खोटं बोलले नाहीत रे, त्यांनी तुला या नोकरीत टिकायचं कसं ते सांगितलं. फक्त त्या सल्ल्यावर तीस वर्षं काढली की माणूस कसा होतो ते सांगायचं राहिलं.

पहिली गोष्ट, नोटिंग, म्हणजे फाइलवर निर्णयाचं कारण लिहिणं, नीट शिक. अंगावर काय येतं, तर होकार नाही, बिनकारणाचा होकार. ‘नावात एका अक्षराचा फरक आहे, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो जुळतात, म्हणून एकच व्यक्ती असल्याची खात्री झाली’ एवढी दोन ओळींची टिप्पणी फाइलवर असेल तर उद्या कुणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर आहे. जे लोक अडकतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी चांगलं काम तोंडी केलेलं असतं. परत पाठवतानाही तसंच लिही, एक साधी वही ठेव, आज कुणाला का परत पाठवलं. महिन्याने ती वही चाळ, एकाच कारणासाठी वीस माणसं परत गेली असतील तर चूक त्या वीस जणांची नाही, फॉर्ममध्ये आहे, आणि हे तुझ्या साहेबांना तुझ्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही कारण परत गेलेली माणसं त्यांना दिसतच नाहीत.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. मदत करायची इच्छा असलेला माणूस हळूहळू ठरवायला लागतो की मदत कुणाला करायची. मेनार्ड-मूडी आणि मुशेनो या अमेरिकन अभ्यासकांनी पोलीस, शिक्षक आणि पुनर्वसन सल्लागारांचे किस्से गोळा करून २००३ मध्ये पुस्तक काढलं, त्यात दिसलं की ही माणसं स्वतःला सरकारचे एजंट मानत नाहीत, आधी समोरचा माणूस कसा आहे ते बघतात, लायक वाटला तर त्याच्यासाठी नियम वाकवतात, नाही वाटला तर तोच नियम त्याच्यावर कडक लावतात. ऐकायला छान वाटतं ना, माणुसकी वगैरे. पण लायक कोण वाटतं? जो नम्र बोलतो, जो आपल्यासारखा दिसतो बोलतो, ज्याची कहाणी डोळ्यात पाणी आणते. जो चिडलेला आहे, ज्याला नीट सांगता येत नाही, ज्याच्या अंगाला वास येतो, त्याला तेवढाच हक्क असतो आणि तो बरोबर उलट्या रांगेत जातो. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने म्हटलं होतं की अधिकाऱ्याने राग-लोभ बाजूला ठेवून काम करावं, आपण ते कोरडेपणा म्हणून धुडकावतो, पण त्या चिडलेल्या माणसासाठी तोच एक आधार असतो. तेव्हा कुणासाठी एखादी वाट काढलीस तर स्वतःला विचार की हीच वाट पुढच्या, न आवडलेल्या माणसालाही देशील का. देणार असशील तर ती पद्धत झाली, लिहून ठेव. नसशील तर ती मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानीची सवय दोन्ही बाजूंना फार लवकर लागते.

आणि टार्गेटचं बघ. ते येणारच. पीटर ब्लाऊ या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका रोजगार कार्यालयाचा अभ्यास केला होता, १९५५ ला छापलाय, तिथे कर्मचाऱ्यांचं काम किती जणांना नोकरी लावली यावर मोजायला सुरुवात झाली तर एका विभागात लोक रिकाम्या जागांची माहिती एकमेकांपासून लपवून ठेवायला लागले. आपला आकडा वाढावा म्हणून. बेकार माणूस समोर बसलेला, नोकरी शेजारच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. याच्यातून बाहेर राहणं तुला एकट्याला पूर्ण जमणार नाही, पण तुझ्याबरोबरच नोकरीला लागलेल्या दोन-तीन जणांशी पहिल्या महिन्यातच बोलून ठेव, कुठली केस कशी बघतो, कुठे अडतो, शंका आली की आधी एकमेकांना विचारायचं आणि मग वर. परिपत्रकं सगळ्यांची मिळून एकाच फोल्डरमध्ये ठेवा, तारखेप्रमाणे, रद्द झालेली वेगळी. जुन्या परिपत्रकावरून परत पाठवलेली माणसं हा प्रकार तुला वाटतं त्यापेक्षा खूप मोठा आहे.

जॉइन झालास की कळव. आणि त्या वहीत पहिल्या महिन्यात काय काय निघालं ते लिहून पाठव, नाव न घालता छापू.